काकांनी परत केलेला भूकंप

दत्तारामकाका कुठल्याही भिंतीसमोर उभे राहिले की आधी खिशातून थापी काढत आणि भिंतीचा वीतभर भाग खरवडत. मग दोन पावलं मागे सरत, मान वाकडी करून पाहत आणि त्यानंतरच बोलत. रस्ता रुंद करताना कापलेली दरड असो की शेजाऱ्याच्या विहिरीचा नवा खड्डा, पद्धत तीच. एकदा एका सरकारी कचेरीत दाखल्यासाठी ताटकळत असताना त्यांनी तिथलीही भिंत खरवडली. शिपाई अंगावर धावून आला. काका शांतपणे म्हणाले, "रागावू नको बाबा. तीन थर रंग हाय. नि मधल्या थरात रंग कमी नि पाणीच जास्त हाय." दाखला त्या दिवशी मिळाला नाही. घरी येताना मी चिडलेली होते आणि काका खुशीत होते.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांचं चरित्र लिहावं इतकं मला ठाऊकही नाही. मला ठाऊक आहे ती त्यांची थापी, त्यांच्या पडवीची भिंत आणि एक भूकंप.

दापोलीहून बुरोंडीच्या रस्त्याला लागलं की आत एक वाडी आहे, तिथले ते. तरुणपणी चिरेखाणीत कामाला होते. जांभ्याचा कातळ हातानं कापून चिरे काढायचे, आणि असे सरळ की ओळंबा लावायची गरज पडू नये. पुढे खाणीत यंत्रं आली आणि हातानं चिरा काढणारे रिकामे झाले. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला गेले. काका गेले हिमालयात.

झालं असं की, भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम आपल्या किनाऱ्यावर जुन्या वाळूचे थर पाहायला आल्या होत्या. त्यांना पुरुषभर खोल चर खणून हवा होता. काकांनी तो खणला. मॅडम आत उतरल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अशी भिंत माझे विद्यार्थी चार दिवसांत काढत नाहीत. माझ्याबरोबर येता का, थंडीच्या गावाला?" काका सात उन्हाळे गेले. दरीचं नाव मात्र त्यांनी मला कधी छापू दिलं नाही. म्हणायचे, "नाव कशाला? तिथली माणसं आधीच घाबरून असतात."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती पत्रकासाठी. आमचं घर पत्रकांचं. बाबांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर पत्रकं काढली. कधी रेशनवर, कधी एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्यांवर, कधी खाणीतल्या मजुरीवर. मला अक्षरओळख झाली तीच मुळी 'जाहीर आवाहन' या दोन शब्दांनी. पत्रकाला एकच पान असतं. त्यात आरोप, पुरावा, मागणी आणि तळाला नावं. शंकेला त्या पानावर जागा नसते. आता मी स्वतः पत्रकं काढत होते, आणि चिरेखाणीतल्या कामगारांवरच्या पत्रकासाठी मला जुने कामगार भेटायचे होते.

काका भेटले ते पडवीच्या भिंतीकडे तोंड करून. त्या भिंतीवर खिळे ठोकून आडवे-उभे दोरे बांधलेले होते, हातभर अंतरानं, एखादं मोठं जाळं टांगावं तसे. मी दोऱ्यांकडे पाहत राहिले. आतून शेवंतीकाकू पाणी घेऊन आल्या.

"बघ गो, बघून घे," त्या म्हणाल्या. "घरात कपडे वाळवायला दोरी नाय, नि भिंतीला ह्या एवढ्या. ह्यांना बायकोच्या कपाळावरची आठी दिसत नाय. डोंगराच्या कपाळावरची दिसते."

"ती मोठी असते," काका म्हणाले.

खाणीतल्या मजुरीचं राहिलंच. मी विचारलं, हे दोरे कशाला? आणि पुढचे दोन तास गेले. हिमालयातल्या त्या चरात असेच दोरे बांधत. मग एकेका चौकटीत काय दिसतं ते कागदावर उतरवत, दगडन् दगड. चर खणायचा तो जमिनीतल्या भ्रंशावर आडवा, म्हणजे ज्या जुन्या चिरेवरून डोंगर सरकतो, तिच्यावर. काकांना 'भ्रंश' हा शब्द येत होता, पण ते म्हणायचे चीर.

"पण किती भूकंप झाले ते खड्ड्यात बघून कसं कळणार?" मी विचारलं.

त्यांनी मला परसात नेलं आणि कडेचा ढासळलेला गडगा, दगड-मातीचं कुंपण, दाखवला. "हे बघ. गडगा पडला की त्याच्या पायाशी माती साचते. बरोबर? पाऊस येतो, तिच्यावर गवत उगवतं. पाच वर्षांनी गडगा पुन्हा पडला, तर नवी माती कुठं पडंल?"

"गवतावर."

"मग तू कापून बघितलंस तर माती, गवताचा काळा पट्टा, पुन्हा माती. किती वेळा पडला?"

"दोनदा."

"झालीस तू शास्त्रज्ञ. तिथं गडगा म्हणजे जमीन. भूकंपात एक बाजू उचलली जाते, पायरी होते. पायरी ढासळते, पायाशी साचते. वरून शेकडो वर्षं गाळ येतो. मग पुन्हा."

माझे प्रश्न संपेनात. शेकडो वर्षं हे कसं कळतं? काकांनी डोळे बारीक केले. हा भाग त्यांना फार आवडायचा. थरातली वाळू काळ्या कापडाखाली, अंधारात, पत्र्याच्या नळीत भरून घ्यायची. उजेडाचा कणही लागता कामा नये. "वाळूला आठवत असतं गो, तिनं सूर्य शेवटचा कधी बघितला. प्रयोगशाळेत तिला विचारतात." नळी भरताना ते अंगावर घोंगडी घेऊन बसत आणि विद्यार्थी हसत. "एकानं बॅटरी लावली व्हती. मी त्याच्या हातावर थापी मारली. मॅडम म्हणाल्या, बरं केलंत."

त्या दरीत हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीचे लांबच लांब बांध होते. हिमनदी मागे हटली आणि बांध राहिले. भ्रंश त्यातल्याच एका बांधाला कापून गेला होता, म्हणून चर तिथे. काकांनी पाहिलेली सगळ्यात परकी गोष्ट तीच होती, नदी असून न वाहणारी नदी. "मी पयल्या दिवशी तिला पाय लावला नि माफी मागितली," ते म्हणाले. "नदीला पाय लावत नाय आपण. पण मग ओलांडायची कशी?"

पडवीच्या कोपऱ्यात त्या चराच्या भिंतीचं चित्र लावलेलं होतं, प्लॅस्टिकमध्ये घालून. त्यावर लाल आकडे होते, एक ते चार. तीन भूकंप मॅडमच्या चमूनं ओळखले होते. चौथा काकांनी. चराच्या टोकाला, जिथे इतरांना नुसते दगड दिसत होते, तिथे वाळूच्या पट्ट्यात त्यांना बारीक बारीक पायऱ्या दिसल्या, जिन्यासारख्या खाली उतरलेल्या. ते धावत मॅडमना घेऊन आले. मॅडम दोन दिवस त्या जागेसमोर बसल्या आणि मग चित्रात आकडा घातला. सगळे त्याला 'दत्तारामचा भूकंप' म्हणू लागले. हे सांगताना काकांचा आवाज थोडा बदलला. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे चिरे काढलेल्या माणसाला पहिल्यांदाच काहीतरी स्वतःच्या नावाचं मिळालं होतं.

मी चित्राजवळ गेले. त्या चौथ्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

"हे काय?"

"मॅडमनी घातलंय," काका म्हणाले, आणि चहा विचारायला आत गेले.

माझं डोकं फिरलं. बाकी तिघांना प्रश्नचिन्ह नाही आणि कामगारानं शोधलेल्याला आहे! घरी आले ती पत्रक मनात घेऊनच. मथळा केला, 'प्रश्नचिन्ह कोणावर?' ज्यानं चर खणला, ज्यानं भूकंप शोधला, त्याचं नाव शास्त्रीय निबंधात तळाच्या आभारात आणि त्याच्या शोधावर संशय, असं सगळं लिहिलं. चार भूकंप लिहिले, पुढे कसलंही चिन्ह न घालता. मॅडमना विचारावं असं मनातही आलं नाही. आरोपीला आधी विचारून कोणी पत्रक काढतं का?

काकांनी ते बोट फिरवत, सावकाश वाचलं.

"ते चिन्ह कुठं गेलं?"

"काढलं मी."

त्यांनी कागद हातभर लांब धरून पाहिला. मग म्हणाले, "बरं दिसतंय." आणि दहा प्रती मागून घेतल्या.

पत्रक मुंबईपर्यंत गेलं. तिथल्या ग्रामस्थ मंडळानं ठरवलं की मे महिन्यात सगळे चाकरमानी गावी आले की पूजेच्या दिवशी दत्तारामचा सत्कार करायचा. काकांच्या मुलाचा फोन आला. तो मुंबईत सुरक्षारक्षकाचं काम करतो. शेवंतीकाकू दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "आता ह्यांची थापी देवघरात ठेवावी लागंल." पण त्याच आठवड्यात त्यांनी सत्कारासाठी काकांचं धोतर धुऊन वेगळं ठेवलं.

मार्चमध्ये मी काकांबरोबर बुरोंडीला मासळीला गेले. होड्या लागल्या होत्या, किनाऱ्यावर लिलाव चालला होता. बर्फाच्या लाद्या ट्रकमधून उतरवून वाळूत ठेवलेल्या, वर भाताचं तूस आणि गोणपाट. एक लादी बाजूलाच राहून गेली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी तिच्यावर ओली वाळू चढली होती. आतून ती विरघळत होती. काका त्या जागेपाशी थांबले ते थांबलेच. मग गुडघ्यांवर बसले.

टोपलीवाल्या बाईनं हाक मारली, "काय ओ काका, काय हरवलं? अंगठी?"

काका वाळूकडेच पाहत होते. मी वाकून पाहिलं. लादीवरची वाळू मधोमध खाली बसली होती आणि कडेला तिला भेगा पडल्या होत्या. बारीक बारीक पायऱ्या, जिन्यासारख्या खाली उतरलेल्या.

"घ्या की बांगडे, ताजे हायत!" बाई म्हणाली.

आम्ही बांगडे न घेताच परतलो. एसटीत काका बोटानं गुडघ्यावर पायऱ्या काढत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ये. नि येताना अर्धी लादी घेऊन ये."

मी गोणपाटात गुंडाळलेली लादी रिक्षानं घेऊन गेले. परसात काकांनी खड्डा तयार ठेवला होता, अर्थात चिरा काढावा इतका सरळ. तळाला त्यांनी चुलीतली राख पसरली आणि फळीनं सपाट केली. राखेवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर लादी. तिच्यावर लाल मातीचा थर, मग वाळूचा, मग पुन्हा माती. प्रत्येक थर पाणी शिंपडून दाबला. मग आम्ही वाट पाहत बसलो. शेवंतीकाकूंनी दोनदा येऊन पाहिलं.

"काय पुरलंय?"

"भूकंप," काका म्हणाले.

"मग उगवंल तेव्हा सांगा. भात वाढायचाय."

संध्याकाळपर्यंत लादी गेली. वरची माती मधोमध बसली होती. काकांनी खड्ड्याच्या एका बाजूनं माती काढत आणली, थापीनं भिंत उभी कापली, खरवडली, दोन पावलं मागे सरले, मान वाकडी केली.

वाळूचा पट्टा तुटून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली आला होता. पडवीतल्या चित्रात होता अगदी तसा. आणि त्याच्या खाली, तळाला, राखेची रेघ जशीच्या तशी सरळ होती.

"वरचं सगळं तुटलं," काका म्हणाले. "खालची राख सरळ. खरा भूकंप असता तर राखही तुटली असती. चीर खालून वर येते, वरून खाली जात नाय." त्यांनी थापी धोतराला पुसली. "आम्ही त्या टोकाला खाली गेलोच नव्हतो. पाणी लागलं, मोसम संपला. हातभर माती राहिली."

मी म्हटलं, "पण तुम्हाला कसं कळणार होतं? शास्त्रज्ञांनी सांगायला नको?"

"सांगितलं व्हतं." ते खड्ड्याच्या काठावर बसले. "मॅडम तेव्हाच म्हणाल्या, दत्ताराम, हिमनदी मागे गेली की तिचे तुकडे मातीखाली गाडलेले राहतात, बर्फाचे. पुढं ते विरघळतात. ते प्रश्नचिन्ह त्यासाठीच हाय. मला वाटलं, बाई मला टाळतेय. जमिनीत बर्फ कसा असंल? आपल्याकडं खणलं की जांभा लागतो, पाणी लागतं. मी कोकणातला माणूस, बर्फ मी मासळीवर बघितला नि तिथं उघड्यावर, मातीखाली कधी नाय." मग थोडं थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नि तुझं पत्रक आलं तेव्हा मला सांगता आलं असतं. सांगितलं नाय."

चिन्ह तर मीच काढून टाकलं होतं.

त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, राखेसकट. फोन मोठ्या आवाजावर होता. मग मॅडम म्हणाल्या, "पावसाळा संपता संपता चार दिवस मिळतील. ते टोक पुन्हा उघडू. पण दत्ताराम, तुमचाच भूकंप आहे. उघडायचा का?"

"हातभर माती राहिलीय, मॅडम," काका म्हणाले.

मे महिन्यात सत्कार ठरल्याप्रमाणे झाला, किंवा झाला नाही असंही म्हणता येईल. देवळासमोर मांडव, चाकरमानी नव्या शर्टांत, मुलगा पहिल्या रांगेत. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल उलगडली. काकांनी ती त्यांच्या हातातच थांबवली आणि माईककडे गेले.

"शाल घडी करून ठेवा. मी सांगितलेला भूकंप खरा हाय की नाय, मला ठाऊक नाय. खाली बघायचं राहिलंय. बघून येतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "काका, हातातला भूकंप सोडताय?" हशा पिकला. एक जण म्हणाला, "घ्या हो शाल, थंडीच्या गावाला उपयोगी पडंल!" पुन्हा हशा. मुलगा मान खाली घालून बसला होता. काका त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि प्रसाद संपेपर्यंत दोघं तसेच बसून होते. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. शेवंतीकाकूंनी मात्र जाता जाता अध्यक्षांना सुनावलं, "घडी नीट घाला. चुरगळली तर मी घेणार नाय."

पावसाळा सरता सरता काका त्या दरीत गेले. तिथे फोनला रेंज नसे. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. वारा जोरात होता, आवाज तुटत होता.

"बाय, खाली राख सरळ हाय."

इतकंच. त्या दरीत राख कुठून असणार? पण मला कळलं: तळाचा थर तुटलेला नव्हता.

परत आले ते थेट माझ्याकडे. पिशवी खांद्यावरच होती. "पत्रक काढायचंय."

"काका, पत्रकाचं शुद्धिपत्र कोणी काढत नाही."

"का?"

मी कागद पुढे ओढला. त्या 'का'चं उत्तर मी अजूनही शोधते आहे. आम्ही लोकांपुढे ठामपणे उभे राहतो, कारण समोरचा बलवान असतो आणि आमची एक शंका तो आमच्याविरुद्ध वापरतो, हे बाबांनी मला शिकवलं. ते खोटं नाही. पण काकांनी हातभर माती राहू दिली नाही, आणि मी मात्र शंकाच मथळ्याखाली दडपली होती.

त्यांनी सांगितलं ते मी काहीही न गाळता छापलं, त्याच आकाराच्या कागदावर, तेवढ्याच प्रती: 'मी दत्ताराम. आधीच्या पत्रकातला माझा भूकंप मी परत करतो. तो बर्फ होता. चूक माझी, मॅडमची नाही. बाकीचे तीन भूकंप खरे आहेत, तळापर्यंत पाहिलेले आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवा.' खाली माझंही नाव घालते, असं मी म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "तू चिन्ह काढून टाकलंस हे पण लिही." लिहिलं.

माझी मागणी मी सोडलेली नाही, हेही इथे लिहून ठेवते. भूकंप शोधला म्हणून काकांसाठी निबंधाच्या लेखकांत मी जागा मागितली होती. आता भूकंप खोडला म्हणून मागते आहे. मॅडमना पत्र गेलं आहे. या वेळी आधी त्यांना विचारून.

प्रती काकांनी स्वतः वाटल्या. दापोलीच्या एसटी स्टँडवर दोन दिवस उभे होते. लोक घेत, वाचत, हसत. "काका, भूकंप हरवला म्हणे?" "सापडला," काका म्हणत, "बर्फात."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुसऱ्या संध्याकाळी. बुरोंडीची गाडी लागली होती. काका खिडकीशी बसले होते, उरलेल्या प्रती मांडीवर. शेजारी रिकाम्या टोपल्या घेतलेली एक कोळीण होती. तिनं कागद उलटसुलट केला आणि काहीतरी विचारलं. काचेमुळे मला ऐकू आलं नाही. काकांनी डावा तळहात आडवा धरला, सपाट. त्याच्यावर उजवा ठेवला, मधे चार बोटांचं अंतर सोडून. मग, गाडी सुरू होता होता, वरचा तळहात हळूहळू खाली आणला आणि खालचा जराही हलू दिला नाही. कोळणीनं टोपली बाजूला सारली आणि आपलेही दोन्ही हात तसेच धरून पाहिले.